वलंदेजांच्या गावात दोन खोल्या

हॉलंडहून परत येऊन आता दीड वर्ष होत आलं, तरी जळगावात मला भेटायला येणारी प्रत्येक बाई चहाची कपबशी हातात घेण्याआधी विचारते, "तठे तुले भाकर मिळे का व माय?" मी सांगते, नाही मिळाली. मग ती माझ्याकडे अशी बघते, की जणू मी तुरुंगातून सुटून आले आहे. पुरुष मंडळी यंत्रांविषयी, पवनचक्क्यांविषयी आणि तिथल्या राणीविषयी विचारतात, पण ते प्रश्न ह्यांच्याकडे जातात. माझ्या वाट्याला भाकर येते.

परदेशी जाऊन आलेल्यांची वर्णनं मी वाचली आहेत. त्यांत चित्रं असतात, पुतळे असतात, मोठमोठी देवळं असतात. पण तिथे भाड्यानं जागा कशी मिळते, शेजारीण कशी असते, धुणं कुठे वाळत घालतात, हे कुणी लिहीत नाही. मी काही तिथे पाहुणी म्हणून गेले नव्हते. मी नांदायला गेले होते, आणि नांदण्यात काय काय येतं ते बायकांना निराळं सांगायला नको.

ह्यांना तेलाच्या गिरणीची यंत्रं शिकायची होती. त्यासाठी डेल्फ्ट नावाच्या गावी दोन वर्षं राहायचं ठरलं. मीही येणार म्हटल्यावर आमच्या घरात वादळ उठलं. माझे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात, ओसरीवर येऊन म्हणाले, "वलंदेजसना मुलूखमा बाईमानूसनं काय काम शे?" मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "जाय माय, जाय. पन एक सांगस, जमनं नही ते पहिली बोट धरीसन परत ये." मी मान हलवली. मनात म्हटलं, बघू या.

बोटीविषयी लिहीत नाही. मुंबई ते मार्सेय मी आडवीच होते.

दुसरा मजला

डेल्फ्ट हे गाव म्हणजे रस्ता, कालवा, पुन्हा रस्ता, मग घरं, असं एकाआड एक आहे. कालव्यातून नावा जातात, काठानं मोठी झाडं आहेत. घरं एकमेकांना खेटून उभी. आमचं घर रुंदीला आमच्या जळगावच्या ओसरीएवढंच होतं, पण उंची मात्र चार मजल्यांची. शिवाय ते रस्त्याकडे वाकलेलं होतं. पहिल्याच दिवशी मी ह्यांचा हात धरून म्हणाले, "अहो, हे घर पडतंय."

"तीनशे वर्षं पडतंय," हे म्हणाले. "आपल्याला दोनच काढायची आहेत."

खाली तंबाखूचं दुकान. पहिल्या मजल्यावर घरमालकीण व्हिसरबाई, साठीच्या विधवा, अंगानं काटक, डोळे निळे आणि कडक. दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि त्यावर धुणं वाळत घालायचा माळा. जिना म्हणाल तर शिडीच. कठड्याच्या जागी एक दोर लोंबत होता, तो धरून चढायचं. नऊवारी नेसून हातात कोळशाची बादली घेऊन तो जिना पहिल्यांदा चढले, तेव्हा वर पोचल्यावर मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. महिनाभरानं मात्र मी त्यावरून गाणं म्हणत उतरू लागले.

सुख कशात होतं ते आधी सांगते, कारण त्रासाचं सांगायला लागले की मला थांबता येत नाही. सगळ्यात मोठं सुख ताकाचं. रोज सकाळी क्लास नावाचा दूधवाला हातगाडी घेऊन यायचा. आडदांड गडी, लाल गाल. त्याच्याकडे पितळी चरव्यांत दूध असे आणि एका चरवीत चक्क ताक! आपल्यासारखं, जरासं दाट. पहिल्या दिवशी मी ते चाखलं आणि रस्त्यातच हसू लागले. ह्यांनी हेग शहरातल्या, वलंदेजांच्याच राज्यातल्या जावा बेटाचं सामान विकणाऱ्या दुकानातून लाल मिरच्या, चिंच आणि हळद आणली होती. त्या दिवशी कढी झाली. दुसऱ्या दिवशी क्लासनं वर बघून कढीचा वास हुंगला आणि खुणेनं विचारलं, हे काय? मी त्याला वाटीभर दिली. त्यानं ती एका घोटात संपवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरीही वाटी पुढे केली. पाववाला पीट त्याच्या शेजारीच उभा असायचा. त्याला मी कढी दोनदा देऊ केली, दोन्ही वेळा तो मागे सरला.

दुसरं सुख खिडकीचं. तिथली माणसं खिडकीवर पडदे ओढत नाहीत. दिवसाढवळ्याही नाही आणि दिवे लागल्यावरही नाही. रस्त्यानं जाणाऱ्यानं आत बघावं, बाई विणते आहे, बुवा वर्तमानपत्र वाचतो आहे, सगळं नीटनेटकं आहे, हे त्यानं पाहावं अशीच त्यांची इच्छा असते. आमच्याकडे खिडकीत बाई उभी राहिली तर चार जण चर्चा करतात. तिथे खिडकी झाकली तर चर्चा होते. मला हे फार आवडलं. मी तासन्‌तास खिडकीत बसून नावा बघत असे आणि मला कुणी बोलत नसे.

आता त्रास. भाजी उकडून पांढरी करतात. दुपारी गार पाव आणि चीज, गरम जेवण काय ते एकदाच. ज्वारी हे धान्य असतं हेच कुणाला माहीत नाही. मी रोज आंघोळ करते म्हटल्यावर व्हिसरबाईंनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला कातडीचा काही आजार आहे का?" बाहेर गेलं की जो तो विचारी, जावाच्या का? हिंदुस्थान सांगितलं तरी लोक मान डोलवत आणि पुन्हा जावाची भाषा बोलत. कॉफीला बोलावलं की एक बिस्कीट देत आणि डबा बंद करून कपाटात ठेवून देत. मी पहिल्यांदा वाट बघत बसले होते, आता आग्रह होईल म्हणून. आमच्या पारोळ्याकडे, म्हणजे माझ्या माहेरी, पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तरी त्या हातावर वाढतात. इथे ताटच उचललं गेलं होतं.

व्हिसरबाईंचा वाढदिवस झाला तेव्हा तर कमालच झाली. सगळे खुर्च्या गोल मांडून बसले होते. मी जाऊन बाईंचं अभिनंदन केलं आणि बसले, तर सगळे माझ्याकडे बघतच राहिले. हे कानात म्हणाले, "बाकीच्यांचंही कर." बहिणीचं अभिनंदन, बहिणीचा वाढदिवस म्हणून! भाच्याचं, मावशीचा वाढदिवस म्हणून! नऊ जणांचे हात हातात घेऊन मी नऊ वेळा अभिनंदन केलं. शेवटी ह्यांचंही केलं, घरमालकिणीचा वाढदिवस म्हणून. ते कुणालाच विनोदी वाटलं नाही.

फेब्रुवारीतला एक रविवार

तिथला हिवाळा पावसात भिजलेला असतो. अकरा दिवस सूर्य दिसला नव्हता. माळ्यावर टाकलेलं लुगडं चार चार दिवस ओलंच राही, त्याला वास येई. आपल्या खानदेशात उन्हाला शिव्या देण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, पण त्या अकरा दिवसांत मी त्या उन्हाची इतकी आठवण काढली, की सासरची माणसंसुद्धा मला तितकी आठवली नसतील.

बाराव्या दिवशी सकाळी ऊन पडलं. खरंखुरं, पिवळं ऊन. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? मी पदर खोचला, अंजिरी लुगडं बादलीत बुडवलं, खळबळून काढलं. माळ्याला कुलूप होतं. का, ते विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. खिडकी उघडली, लुगड्याचं एक टोक चौकटीला बांधलं आणि बाकीचं बाहेर सोडून दिलं. नऊ वार कापड ते. सरळ खाली गेलं आणि उन्हात चमकू लागलं. मला इतका आनंद झाला की मी गुणगुणू लागले.

खाली पहिल्या मजल्यावर त्या वेळी देवळातून आलेला पाद्री आणि दोन वयस्क गृहस्थ व्हिसरबाईंच्या दिवाणखान्यात कॉफी पीत बसले होते. खिडकीला पडदा नव्हताच. त्यांच्या डोळ्यांदेखत वरून एक अंजिरी पडदा आला, त्यानं सगळी खिडकी झाकली आणि तो टपटप गळू लागला.

जिन्यावर पावलं वाजली. व्हिसरबाई काळ्या रेशमी पोषाखात दारात उभ्या राहिल्या.

"पाटीलबाई, आज रविवार आहे."

"हो," मी म्हटलं.

"आणि बाहेर काय आहे?"

"माझं लुगडं. बघा ना, ऊन पडलंय!"

"ऊन देवाचं आहे. आणि रविवारही देवाचा आहे. रविवारी आमच्या रस्त्यावर धुणं दिसत नाही. शंभर वर्षांत दिसलेलं नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला डच येऊ लागलं होतं आणि नवी भाषा आली की माणसाला ती वापरावीशी वाटते. मी म्हणाले, "मग देवानं ऊन सोमवारी पाडायचं होतं."

हे त्या वेळी आरशासमोर दाढी करत होते. त्यांचा वस्तरा थांबलेला मी पाहिला. व्हिसरबाई वळून खाली गेल्या. घर सोडा, हेसुद्धा त्यांनी रविवारी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता येऊन सांगितलं. मार्चअखेर खोल्या रिकाम्या करा.

मी माफी मागितली. खरंच मागितली, तीनदा. त्या म्हणाल्या, "माफ केलं." पण तारीख बदलली नाही.

मार्च

मग जागेचा शोध सुरू झाला. खिडकीत पाटी बघायची, दार वाजवायचं, आणि दार उघडणाऱ्या बाईनं आम्हा दोघांना आपादमस्तक न्याहाळून म्हणायचं, "खोली कालच गेली." पाटी तशीच. एका ठिकाणी मी हसून विचारलं, "मग पाटी कधी जाणार?" ह्यांनी मला ओढत बाहेर नेलं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ह्यांना जागा मिळत होती, पण तिथे बायकोला परवानगी नव्हती.

त्यातच नानांचं पत्र आलं. ह्यांनीच भोळेपणानं त्यांना सगळं कळवलं होतं. नानांनी लिहिलं होतं, की आपल्या ओळखीचं एक व्यापारी कुटुंब एप्रिलच्या मध्यावर मार्सेयहून निघतं आहे. सूनबाईला त्यांच्याबरोबर धाडावं. तिकीट आम्ही काढतो, फक्त होकार कळवा. पुढे एक वाक्य होतं: जे झालं ते तुम्ही निघतानाच मी सांगितलं होतं.

ते वाक्य वाचून मला रडू आलं. जागा गेल्याचं इतकं वाईट वाटलं नव्हतं. ह्यांचं शिक्षण अर्ध्यावर होतं, ते राहणार. मी एकटी परत जाणार. जळगावच्या स्टेशनावर उतरणार आणि सगळं गाव म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? जन्मभर पुढच्या प्रत्येक सुनेला माझा दाखला देणार.

"जा तू," हे म्हणाले. "दीड वर्षाचाच प्रश्न आहे."

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला."

"सोपं नाहीये. पण तुला रस्त्यावर ठेवू का?"

होकाराचं पत्र लिहायचंच होतं, ते ह्यांनी शनिवारवर ढकललं. मलाही दुसरा मार्ग दिसत नव्हता.

शनिवार, दुपारी तीन

त्या शनिवारी कालव्यात आमच्या दारासमोर एक नाव येऊन लागली. तिच्यात गोधड्यांत गुंडाळलेली एक पायपेटी होती. आपल्या नाटकमंडळीत असते तशी, पण दुप्पट मोठी, काळ्या लाकडाची. व्हिसरबाईंची थोरली बहीण लायडनला वारली होती. आईवडिलांची ही पेटी तिच्याकडे होती, ती आता इकडे आली. व्हिसरबाई नावेत उतरल्या, गोधडी जरा बाजूला करून झाकणावर तळहात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. माहेरची वस्तू दारात आली की आपल्या बायांचा चेहरा होतो, तोच त्यांचा झालेला मी पाहिला. महिनाभर मी त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते म्हणत होते. त्या घटकेला ते सगळं विसरले.

ही पेटी त्या शिडीसारख्या जिन्यावरून जाणं शक्यच नव्हतं. त्यासाठीच तिथल्या प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई पुढे काढलेली असते आणि तिला लोखंडी आकडा असतो. आकड्याला चाक लावायचं, दोर सोडायचा, सामान बाहेरून वर ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. घरं पुढे वाकलेली का, तेही तेव्हा कळलं. ओझं भिंतीला घासू नये म्हणून.

हमाल सोमवारपर्यंत मोकळे नव्हते. नावेवाल्याला लगेच परत जायचं होतं. उद्या रविवार, म्हणजे उद्या कुणी बोटही हलवणार नाही. आणि आभाळ भरून आलं होतं. तेव्हा शेजारी धावून आले. दूधवाला क्लास आणि पाववाला पीट दोरावर. तंबाखूवाला वर खिडकीत, पेटी आत घ्यायला. ह्यांना एक बारका दोर दिला, पेटीला बांधलेला. तो बाजूला ताणून धरायचा, म्हणजे पेटी दुकानाच्या काचेवर आदळत नाही. व्हिसरबाई कालव्याच्या काठाशी हात घट्ट धरून उभ्या होत्या. मला कुणी काही काम सांगितलं नाही.

सगळ्यांनी मिळून पेटी नावेतून दारापाशी आणली. मग क्लास आणि पीट चाकाच्या खाली उभे राहिले आणि दोर हातांनी खाली खेचू लागले. पेटी उचलली गेली, दुकानाच्या पाटीपर्यंत गेली. तिथे थांबली. पाऊस सुरू झाला होता आणि ओला दोर त्यांच्या हातातून सुटत होता. एकदा पेटी हातभर खाली आली. व्हिसरबाईंच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"झाडाला! झाडाला वेढा द्या!" मी ओरडले. क्लासनं काठावरच्या झाडाच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे दिले. पेटी अधांतरी लटकत राहिली, वरून पाऊस.

दोघे जण धापा टाकत होते. "खाली घेऊ," पीट म्हणाला. "होत नाही."

"खाली घेऊन ठेवायची कुठे?" व्हिसरबाई म्हणाल्या. "रस्त्यावर? सोमवारपर्यंत?"

मी वर चाकाकडे बघत होते. चाक, त्यावरून आलेला जाड दोर, बाजूला बारका दोर. आणि मला एकदम वाटलं, अरे, ही तर मोट आहे! आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मळ्यातल्या विहिरीवरची मोट. जाड दोर तो नाडा, ह्यांच्या हातात आहे तो सोंदूर. फक्त हे दोघे ती चुकीची ओढत आहेत. बैल काही विहिरीत वाकून दोर खेचत नाही. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, चालत जातो. सगळं अंग ओढतं, नुसते हात नव्हे.

मी पुढे गेले. "हातांनी नाही," मी म्हणाले. "पाठ फिरवा. दोर खांद्यावर घ्या. आणि चाला. त्या पुलाकडे चाला."

पीटनं क्लासकडे पाहिलं. क्लासनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं टोपी काढून खांद्यावर ठेवली, तिच्यावर दोर घेतला आणि पाठ फिरवली. पीटही त्याच्या मागे उभा राहिला. नावेवाल्यानं झाडाचा वेढा सोडला.

"चाला!"

ते चालू लागले. एक पाऊल, दुसरं पाऊल. पेटी डुलली आणि वर निघाली. अगदी मुकाट्यानं, जशी भरलेली मोट निघते. हे बारका दोर सांभाळत मागे सरकत होते. मी दोघांच्या बरोबरीनं चालले होते आणि माझं डच कुठल्या कुठे पळून गेलं होतं. "हां, चाल मना राजा! थांबू नको रे, चाल! हऽऽ हऽऽ!" मी ओरडत होते. आजूबाजूच्या खिडक्यांत माणसं जमली होती.

पेटीचा तळ खिडकीच्या उंबऱ्याला वीतभर कमी पडला तेव्हा पीटचा पाय ओल्या दगडावर घसरला. दोघेही जागच्या जागी रुतले. पुढे पाऊल पडेना, मागे तर जाऊन चालणारच नव्हतं. क्लासच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. वरून तंबाखूवाला ओरडत होता, "एवढंच! एवढंच आणखी!"

मोटेला असं होतं तेव्हा हाकणारा काय करतो ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तो नाड्यावर बसतो. बैलांच्या मागे, ताणलेल्या दोरावर, सगळं वजन टाकून. मी लहानपणी शंभरदा बसले आहे, आईचा मार खाऊनही बसले आहे. मी पदर खोचला, दोन्ही हातांनी दोर धरला, पाय उचलले आणि बसले.

दोर माझ्याखाली झुकला. पेटी वर गेली, वीतभर, मग आणखी दोन बोटं. तंबाखूवाल्यानं तिला कवेत धरून आत ओढली. एकदम दोर सैल पडला आणि मी डेल्फ्टच्या भर रस्त्यात, पावसात, मांडी घालून बसल्यासारखी जमिनीवर आले.

आपल्याकडे असं काही झालं असतं तर टाळ्या, शिट्ट्या, गूळ, नारळ, सगळं झालं असतं. तिथे क्लासनं टोपी झटकली, डोक्यावर घातली, वर खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "झो." पीटही म्हणाला, "झो." समोरच्या खिडकीतले म्हातारेबुवा म्हणाले, "झो." ह्या शब्दाचा अर्थ "असं" एवढाच आहे. पण कौतुक करायला त्यांच्याकडे याच्याहून मोठा शब्द मी ऐकलेला नाही. एका दुपारी तो मला तीनदा मिळाला.

ह्यांनी मला हात देऊन उठवलं. हसून हसून त्यांना बोलता येत नव्हतं. "आबांना लिहू का," ते म्हणाले, "की लेकीला परदेशी धाडलं ते मोटेवर बसायला?"

"लिहा," मी म्हटलं. माझे हात सोलले होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, की विचारू नका. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या रस्त्यावर मी उपरी नव्हते.

रविवार

दुसऱ्या दिवशी चार वाजता व्हिसरबाईंनी आम्हा दोघांना खाली बोलावलं. दिवाणखान्यात पेटी भिंतीशी लावली होती, पुसून चकचकीत केली होती. त्या बसल्या आणि पायानं भाता चालवत त्यांनी देवाचं एक गाणं वाजवलं. फार हळू आणि अडखळत, बोटांची सवय गेली होती. मला शब्द कळले नाहीत. पण वाजवता वाजवता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, हे मला कळलं.

गाणं संपलं. त्या वळून म्हणाल्या, "काल तुम्ही त्या दोघांना काय ओरडत होतात?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघू लागले. खोटं बोलायचं नाही असं ठरवून मी म्हणाले, "आमच्याकडे बैलांना असं म्हणतात."

व्हिसरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. रविवारी, काळ्या रेशमी पोषाखात, त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. "पीटला सांगणार मी," त्या म्हणत होत्या, "उद्या सकाळी पाव घेताना सांगणार."

मला राहवेना. जे काय ते आज, असं म्हणून मी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही एकतीस तारखेला खोल्या सोडायला सांगितल्या आहेत."

"सांगितल्या होत्या," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, पेटीच्या झाकणावरून हात फिरवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "पण ही पेटी कधी खाली उतरवायची झाली, तर दोरावर कोण बसणार?"

पेटी काही खाली उतरायची नव्हती. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी उठून त्यांना मिठी मारली. तिथे असं करत नाहीत. त्या आधी ताठ झाल्या, मग त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं.

होकाराचं पत्र शनिवारच्या गडबडीत लिहायचं राहूनच गेलं होतं. रविवारी टपाल निघत नाही, म्हणून सोमवारी सकाळी, धुणं माळ्यावर टाकून झाल्यावर, मी स्वतः नानांना पत्र लिहायला बसले. जागेचं झालं, तिकीट काढू नये, आम्ही दोघं मिळूनच येऊ, असं लिहिलं. हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "नाना विचारतील, एकदम असं कसं झालं? काही कारण तरी लिही."

मी कारण लिहिलं: घरमालकीण बाईंचं माझ्यावाचून चालत नाही.